पुलापलीकडचा माणूस

मी माशांच्या गर्भातल्या पेशी मोजत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या भाऊबंदकीत माझ्या नोकरीबद्दल एवढंच पसरलेलं आहे. काका तर मला चारचौघांत ‘मासोळ्यांची तलाठीण’ म्हणायचे. मोजायचं काम मशीन करतं. मशीन जिथे चुकतं तिथे बोट ठेवायचं आणि दुरुस्त करायचं, हे माझं काम. सुरतेत पर्वत पाटियाच्या एका इमारतीत, खाली साड्यांची दुकानं आणि वर आमचं ऑफिस, तिथे मी दिवसभर पडद्यावर पांढरे ठिपके बघत बसते.

हे ठिपके म्हणजे एका बारक्या, पट्ट्यापट्ट्यांच्या माशाच्या गर्भातल्या पेशी. मोहरीच्या दाण्याहून लहान अंडं, तेही काचेसारखं आरपार. परदेशात कुठेतरी कोणीतरी त्याचं तासन्‌तास चित्रण करतं, आणि पेशींचा गाभा चमकावा अशी काहीतरी सोय केलेली असते. काळ्या पडद्यावर आधी थोडे ठिपके, मग दुप्पट, मग त्याच्या दुप्पट, आणि बघता बघता मोजणाऱ्याने हात टेकावेत इतके. मशीन एका चित्रातला ठिपका पुढच्या चित्रातल्या ठिपक्याला रेषेने जोडत जातं. ही पेशी तीच, ती पेशी तीच. पण पेशी एकमेकींच्या शेजारून घसरतात, एक दुसरीखाली जाते, आणि मशीन भलतीलाच भलती जोडून मोकळं होतं. मग आम्ही बसतो, मागे-पुढे करत, ठिपक्याची खरी वाट शोधत.

पहिले काही तास सगळं सोपं असतं. अंड्यातला पिवळा बलक खाली आणि पेशींचा ढीग वर. सगळ्या एकसारख्या, कोणालाच काही व्हायचं नसतं. मग तो ढीग पसरायला लागतो आणि लोकरीची टोपी डोक्यावरून कानांवर ओढावी तसा बलकावरून खाली उतरतो. अर्ध्यावर आला की त्याच्या कडेला एक जाड कडं तयार होतं. त्या कड्याशी पोचलेल्या पेशी काठावरून आत वळतात आणि वरच्या पेशींच्या खालून, आल्या त्याच दिशेने, उलट चालू लागतात. वरच्यांची कातडी होणार, मेंदू होणार. आत वळलेल्यांची हाडं, रक्त, आतडी. कड्याच्या एका जागी मग दाटी होते. दोन्ही बाजूंनी पेशी तिकडे सरकतात, एकमेकींच्या फटीत घुसतात, आणि त्या चेंगराचेंगरीतून एक लांबट रेघ उमटते. ती पाठ. एका टोकाला डोकं, दुसऱ्या टोकाला शेपूट. सकाळी जो ढीग होता, त्याला संध्याकाळपर्यंत पाठ असते.

हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण आमच्या ट्रेनिंगला जो माणूस होता, तो लगेच म्हणाला, बघा, याला म्हणतात टीमवर्क. माझं डोकंच फिरलं. ज्या पेशी वाटेत फुटतात, ज्यांचे तुकडे चमकून विझून जातात, त्या कुठल्या टीममधल्या होत्या, असं विचारावंसं वाटलं. गर्भाकडून धडे घेणाऱ्या लोकांचा मला तेव्हापासून कंटाळा आहे.

एक गोष्ट मात्र त्याने सांगितली ती कामाची होती. या पेशींना कोणी मुकादम नसतो. कुठे जायचं याचा नकाशा त्यांच्याकडे नसतो. शेजारणीला धरून, तिच्या ओढीने, तिच्या ढकलण्याने त्यांना दिशा कळते. पुढे जाणाऱ्या घोळक्यातली एखादी पेशी उचलून एकटी ठेवली तर ती मरत नाही लगेच. हलते, उलट जास्तच हलते. फक्त तिला कुठे जायचं ते कळेनासं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, सुरतेत आले ते असेच आले. शिरपूरकडच्या गावातला एक जण आधी आला, त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने आबांना, आबांनी काकांना. लिंबायतच्या आमच्या गल्लीत अर्धं गाव होतं. आबांनी पावरलूम चालवले ते हात थरथरायला लागेपर्यंत. लूमच्या खडखडाटाने कान गेले. खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, कोणाचेच कान धड नसत, ते लोक ओठ बघून आणि हातवारे करून बोलत. त्यामुळे आबांना आपण बहिरे आहोत हे फारसं जाणवलंच नाही. त्यांना पत्ता कधी सांगता आला नाही, लागलाही नाही. कोणी विचारलं, कुठे राहता, की ते म्हणत, चहावाल्याला विचार. आणि चहावाला खरंच सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी भावाने शहराबाहेर कडोदऱ्याला फ्लॅट घेतला. त्याचं काम तिकडच्या एका युनिटमध्ये, गल्लीतलं घर पावसात दर वर्षी गळायचं, वहिनीला दुसरं बाळ झालेलं. घेतला त्यात काही चूक नव्हती. माझी खोली वेगळी झाली, मलाही आनंदच झाला. आबा तेव्हा थोडं विसरू लागले होते. गल्लीत असताना ते विसरणं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण गल्ली त्यांच्या वतीने लक्षात ठेवत होती. ते कोपऱ्यावर घुटमळले की कोणीतरी दंडाला धरून दारात आणून सोडायचं. कडोदऱ्याच्या त्या बिल्डिंगमध्ये शेजारी सगळे चांगले होते, ओडिशाचे, बिहारचे, सौराष्ट्राचे. पण आबा त्यांच्या ओठांकडे बघत राहायचे आणि त्यांना काही कळायचं नाही.

ते खाली उतरून चालू लागायचे. आम्ही परत आणायचो. वॉचमनला सांगून ठेवलं, खिशात नंबराची चिठ्ठी ठेवली, ती ते काढून टाकायचे. माय त्यांच्या मागे मागे खाली जायची. मायचे गुडघे दुखायला लागले तेव्हा ती गॅलरीतून नजर ठेवायला लागली. आषाढातल्या एका सकाळी, मी ऑफिसला निघून गेल्यावर, ती नातवाला अंघोळ घालत होती तेवढ्यात आबा उतरले. त्या दिवशी नेहमीचा वॉचमन नव्हता, बदलीवरचा होता. एवढंच घडलं. एरवी असं दहा वेळा घडून गेलं होतं आणि दहाही वेळा ते सापडले होते.

आम्ही चौकीत गेलो, दवाखाने बघितले, स्टेशनं बघितली. लिंबायतच्या गल्लीत तर सगळ्यात आधी गेलो. चहावाला रडायला लागला. मग भावाने दोन-तीन दिवस पायपीट करून रस्त्यावरच्या दुकानदारांकडून कॅमेऱ्यांची चित्रं मिळवली. पोलीसही सोबत होते, त्यांना दोष देत नाही. त्या चित्रांतून आबांची वाट कळली. बिल्डिंगचं फाटक, मग टायरचं दुकान, मग पेट्रोल पंप. पंपाच्या कॅमेऱ्यात ते अगदी स्वच्छ दिसतात. पांढरा शर्ट, पायजमा, डोक्यावर टोपी. पंपाच्या एका बाजूने येतात आणि दुसऱ्या बाजूने चित्राच्या बाहेर जातात. पुढे खाडीचा पूल; सुरतेत मोठ्या ओढ्यालाही खाडीच म्हणतात. पुलावर कॅमेरा नाही. पुलापलीकडे एक गोडाऊन आहे, त्याच्या कॅमेऱ्यात थोड्या वेळाने पांढरा शर्ट, पायजमा आणि टोपी घातलेला एक माणूस पुलावरून उतरून हायवेच्या दिशेने जातो. दूरवर, पाठमोरा, पावसाने धुरकट.

भाऊ म्हणाला, आबाच. काका म्हणाले, आबाच. पुलापलीकडे हायवे, हायवेला धुळ्याकडे जाणारे ट्रक. कुठल्यातरी खानदेशी ड्रायव्हरने म्हाताऱ्याला बसवून घेतलं असणार. ते गावाकडे गेले असणार. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि ही तर काडी नव्हे, अख्खा पूल होता.

मी ती दोन्ही चित्रं ऑफिसला घेऊन गेले. जेवणाच्या सुट्टीत माझ्या पडद्यावर लावली आणि जसं रोज बघते तसं बघितलं. पुढे, मागे, पुढे, मागे.

आमच्या कामात सगळ्यात जास्त चूक त्या कड्यापाशी होते. पेशी काठावर येते, आत वळते, दिसेनाशी होते. तेवढ्यात त्याच जागी दुसरीच एखादी पेशी वर दिसते आणि मशीन आनंदाने दोघींना जोडतं. रेषा अखंड दिसते. बघणाऱ्याला बरं वाटतं. ती रेषा खोटी असते. म्हणून आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगतात की शंका असेल तर जोडू नका.

मला शंका नव्हती. लूमच्या दोन रांगांमधली वाट अरुंद असते. तिथे चालताना एक खांदा पुढे काढावा लागतो आणि हात पोटाशी धरावा लागतो, नाहीतर शर्ट पट्ट्यात जातो. आबा उभा जन्म तसे चालले. रस्ता कितीही रुंद असो, त्यांचा उजवा खांदा पुढे आणि उजवा हात पोटावर. पंपाच्या चित्रात ते तसेच चालतात, मोकळ्या जागेतून, जणू दोन्ही बाजूंना लूम चालू आहेत. पुलापलीकडचा माणूस दोन्ही हात हलवत सरळ चालत होता.

संध्याकाळी भावाला सांगितलं. तो म्हणाला, “पोलीसवाला पण बोलला, चाल सेम छे. तुला मच्छीचं कळतं, माणसाचं नाही.” मी म्हटलं, मग हात बघ. तो म्हणाला, घाईत असतील. काकांनाही हात दाखवला. त्यांना तो दिसेना. काकाही लूमवरचेच, स्वतः तसेच चालतात, त्यामुळे त्यांच्या लेखी तसं चालणं ही काही खूण नव्हतीच. मी दोघांशी भांडले. खाडी शोधा म्हटलं. खाडीला पूर होता, कित्येक दिवस होता, काळं पाणी पुलाच्या तळाला टेकून वाहत होतं. अग्निशमनचे लोक येऊन बघून गेले. पाणी उतरल्यावर या, म्हणाले. आणि भाऊ गावाकडे शोधायला निघून गेला, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबारचं स्टेशन, देवळं, धर्मशाळा. त्याचा रोज फोन यायचा, अमुक ठिकाणी असा एक म्हातारा बघितला म्हणतात. तो जाईपर्यंत म्हातारा पुढे गेलेला असायचा.

मला त्याचा राग यायचा आणि त्याची दयाही यायची. आणि मी काही फार शहाणी होते असं नाही. मलाही आशा होतीच, फक्त माझी आशा माझ्या धंद्यातली होती. कड्यावर नाहीशी झालेली पेशी बहुतेक वेळा मेलेली नसते. ती खालून उलट वळलेली असते. मला वाटायचं, आबा पुलापर्यंत गेले असतील आणि पुलाच्या अलीकडून खाली उतरणाऱ्या कच्च्या रस्त्याने मागे वळले असतील. तो रस्ता गोडाउनांच्या मागून सुरतेकडे येतो. म्हणून प्रत्येक रविवारी मी त्या रस्त्यावर जायचे. भंगारवाले, वीटवाले, एक मंदिर, एक डाइंग मिल. जिथे जिथे कॅमेरा होता तिथे हात जोडून चित्रं मागितली. लोकांनी दिली. एका भंगारवाल्याने तर मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि त्या दिवसाची सगळी सकाळ माझ्याबरोबर बसून बघितली. कुत्री गेली, टेम्पो गेले, एक वरात गेली. आबा नाही गेले. त्या रस्त्याचं चित्र सलग होतं, कुठेच तुटलेलं नव्हतं. तिथून ते वळले असते तर दिसले असते.

त्या भंगारवाल्याच्या खुर्चीवरून उठले तेव्हा मला कळलं होतं. पुलापलीकडे नाहीत, अलीकडे वळले नाहीत. मध्ये फक्त खाडी उरते. हे घरी सांगायला माझी जीभ उचलेना. मायने दार उघडल्याबरोबर माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ताट वाढायला आत गेली. वाढता वाढता स्वतःशीच म्हणाली, “त्यासले भूक लागनी व्हई.”

श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी मांडतात, सोमवारी नदीवर नेऊन बोळवतात. त्याआधी रोटाचे गहू काढायचे असतात. भाऊबंदकीतल्या प्रत्येक घरातून, घरात जितके पुरुष असतील तितक्यांच्या नावाने, अगदी पाळण्यातल्या मुलाच्याही नावाने, सव्वा सव्वा मूठ. त्याच गव्हाच्या पिठाचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, होतो आणि तो फक्त भाऊबंदकीने खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. बाईच्या नावाने मूठ नसते, यावरून मी लहानपणापासून वाद घालत आले आहे, पण तो वाद इथे नको. इथे एवढंच की गेलेल्या माणसाच्या नावाने गहू घेत नाहीत. आणि घरात सुतक असेल तर त्या भाऊबंदकीत कानबाई बसतच नाही.

त्या वर्षी देवी काकांकडे बसायची होती. काकांनी गल्लीतलं घर पाडून नवं बांधलं होतं, वास्तुशांतीनंतरची पहिली कानबाई. भाऊ गावाकडून मोकळ्या हाताने परत आला होता. तो म्हणाला, आबांच्या नावाची मूठ घालायचीच, मूठ नाही घातली तर आपणच त्यांना मारल्यासारखं होईल. काकांचंही तेच. गहू काढायच्या दिवशी मी आणि माय रिक्षाने लिंबायतला गेलो. मायने नवी साडी नेसली होती. कुंकू नेहमीसारखंच, ठसठशीत.

काकांच्या पुढच्या खोलीत चादर अंथरून त्यावर गव्हाची रास घातली होती. भोवती बायका बसलेल्या. पुरुष मागे उभे. सगळ्यात थोरल्या घरापासून सुरुवात करायची म्हणजे आबांपासून. मायने पदर सावरला, हात गव्हात घातला आणि तसाच ठेवला. बाहेर काढला नाही.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “तू रोज हाईच काम करस ना? मंग सांग. पुलवरना मानूस तुन्हा आबा शेत का नई?”

आमच्यात असं मानतात की रोटाच्या गव्हापुढे बसून खोटं बोलायचं नाही. मी अशा गोष्टी मानत नाही. पण तिथे बसलेले सगळे मानत होते, आणि त्यांनी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काकूंनी हळूच मान हलवली, म्हणजे हो म्हण. भावाने तर डोळ्यांनी हात जोडले. एका शब्दाचा प्रश्न होता. हो म्हटलं असतं तर आबांची मूठ पडली असती, देवी बसली असती, काकांच्या नव्या घरात दिवे लागले असते, आणि माय पुढच्या श्रावणापर्यंत सुखाने वाट बघत बसली असती.

“नई, माय,” मी म्हटलं. “त्या आबा नई.”

“आनि अलीकडे?”

“अलीकडेबी नई. मी समदं देखं.”

काका मागून पुढे आले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. “तुले काय समजस? मी त्यान्हासंगे जिंदगी काढी. माले भाऊनी चाल समजत नई का?”

मला त्यांना खूप काही ऐकवता आलं असतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी कीर्ती आहेच. पण त्यांचा उजवा हात पोटाशी धरलेला होता.

मायने हात गव्हातून बाहेर काढला. मूठ उघडी होती. तळव्याला चिकटलेले दोन-चार दाणे तिने बोटाने राशीत पाडले. “आम्हना घरना कोनाच गहू लेऊ नका,” ती म्हणाली. “पोऱ्याना बी नई, नातूना बी नई.”

म्हणजे काय, हे सांगायची कोणाला गरज नव्हती. तिने सुतक धरलं होतं. थोरल्या घरात सुतक म्हणजे सगळ्यांना सुतक. काकूंनी गहू परत पोत्यात भरायला घेतले. कोणी रडलं नाही. एक म्हातारी बाई उठता उठता म्हणाली, पोरीने बापाला मारलं. ती हे माझ्या कानावर पडावं म्हणूनच म्हणाली. भाऊ जिन्यावर जाऊन बसला होता. मी त्याच्या शेजारून उतरले तर त्याने पाय आखडून मला वाट दिली, जशी परक्याला देतात.

परतताना रिक्षा पर्वत पाटियाला सिग्नलवर थांबली होती. माझं ऑफिस समोरच दिसत होतं. माझा बांध तिथे फुटला. मी मायला म्हटलं, सगळ्यांसमोर मलाच का विचारलंस, घरी विचारलं असतंस तर मी सांगितलं नसतं का.

“माले पयल्या दिनच समजनं व्हतं,” माय म्हणाली. “त्या असा हात हालाडीसन कधी चालनात का?”

इतके आठवडे भाऊ गावोगाव हिंडत होता, काका देवाला नवस बोलत होते, आणि हिने भावाला जाताना वाटेसाठी डबा बांधून दिला होता.

“मंग तू बोलनी का नई?”

“मी बोलती ते समदा म्हनतीन, बाईनी आस सोडी दिन्ही. तू घरमा बोलनी, तुन्हं कोनी ऐकं का? गहूपुढे कोनी खोटं बोलत नई. म्हनीसन तठे इचारं.”

सिग्नल सुटला. मला तिचा संताप आला होता, आजही थोडा येतो. तिला जे म्हणायचं होतं ते तिने माझ्या तोंडून वदवून घेतलं होतं. पण तिला दुसरं कोण होतं, हेही खरं.

पाणी उतरल्यावर भाऊ स्वतः अग्निशमनच्या लोकांबरोबर खाडीत गेला. पुलापासून खाली, जिथवर जाता येतं तिथवर. जलपर्णी, प्लास्टिक, डाइंगचा गाळ, मेलेली म्हैस. आबा नाही सापडले. खाडी नदीला मिळते, नदी समुद्राला, आणि त्या आठवड्यांत किती पाणी गेलं ते सगळ्या सुरतेने बघितलं होतं. चौकीत नोंद अजून ‘बेपत्ता’ अशीच आहे. कायद्याने माणूस मरायला अजून बरीच वर्षं लागतात.

मायने गहू घेऊ दिले नाहीत, पण कुंकूही पुसलं नाही. बांगड्याही आहेत. बायका कुजबुजतात, एक काय ते ठरव म्हणावं. तिच्या तोंडावर विचारायची छाती कोणाची नाही. माझीही नाही. काका माझ्याशी बोलत नाहीत. लग्नाकार्यात समोर आले तर बाजूने निघून जातात. ‘तलाठीण’ म्हणत नाहीत आता, आणि त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकायला मी काय वाटेल ते देईन. भाऊ बोलतो, गॅस संपला, बिल आलं, एवढंच.

ऑफिसमध्ये माझं चांगलं चाललं आहे. नव्या मुलींना कड्यावरचं काम शिकवायला मला बसवतात. मी त्यांना सांगते, पेशी दिसेनाशी झाली म्हणून मेली म्हणू नका, आणि तुम्हाला बरं वाटतं म्हणून जोडूही नका. त्या मान डोलावतात आणि पहिल्याच दिवशी जोडतात. मी रागावत नाही. तुटलेली रेषा बघवत नाही माणसाला, हे मला कळतं.

मध्यंतरी मायने मला तिच्या मोबाईलमध्ये पंपाचं चित्र घालून मागितलं. गोडाउनचं नको म्हणाली, फक्त पंपाचं. मी घालून दिलं. परवा मी दुपारीच घरी आले, अंगात कणकण होती. वहिनी मुलांना घेऊन झोपली होती. माय गॅलरीत बसली होती, मांडीवर मोबाईल. मी मागून जाऊन बघितलं. आबा पंपाच्या आवारातून चालत येत होते, उजवा खांदा पुढे, हात पोटावर. ते दुसऱ्या कडेजवळ आले तसं तिने बोट टेकवलं आणि चित्र थांबवलं. आबा उभे राहिले, एक पाऊल उचललेलं. ती त्यांच्याकडे बघत बसली. थोड्या वेळाने पडदा मंद होऊ लागला की ती अंगठा लावायची, तो पुन्हा उजळायचा. मी तिच्या पाठीशी किती तरी वेळ उभी होते, आणि तितका वेळ तिने त्यांना पुढे जाऊ दिलं नाही.